नऊ वर्षांचा निद्रानाश, वीस आठवडे : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४, सोमवार

नऊ वर्षांपूर्वी घरातील एका आजारपणात चार महिने रात्रीची जागरणे माझ्याकडे होती. आजारपण संपले, जागरणाचे कारण उरले नाही, पण जाग मात्र कायम राहिली. तेव्हापासून आठवड्यातील चार-पाच रात्री मी दोन-तीन तास टक्क जागी असते. कधी सुरुवातीलाच झोप लागत नाही, तर कधी अडीचच्या सुमारास जाग येते आणि पहाटेपर्यंत कूस बदलण्यात वेळ जातो. आठवड्यातून किमान तीन रात्री, किमान तीन महिने असा त्रास होत असेल आणि दिवसावर त्याचा परिणाम दिसत असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश धरला जातो. या निकषावर माझी पात्रता भरपूर आहे.

आजवर केलेले उपाय येथे एकदाच लिहून ठेवते: गादी दोनदा बदलली, जाड पडदे लावले, कानात बोळे घातले, झोपेचे मोजमाप करणारे मनगटी घड्याळ घेतले, पावसाच्या आवाजाच्या ध्वनिफिती ऐकल्या, आणि मधली जवळजवळ दोन वर्षे गोळ्या घेतल्या. डॉक्टरांनी त्या काही आठवड्यांसाठी दिल्या होत्या, मी त्या लांबवल्या आणि मग एका दिवशी कुणालाही न विचारता बंद केल्या. त्यानंतरचा आठवडा हा नऊ वर्षांतील सर्वांत वाईट आठवडा होता. अशा गोळ्या एकदम थांबवल्या की निद्रानाश काही काळ दुप्पट जोराने उसळतो, हे मला नंतर कळले. तोपर्यंत मी ‘गोळीशिवाय आपल्याला झोप येणेच शक्य नाही’ असा निष्कर्ष काढून पुन्हा गोळीकडे वळले होते. पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या टप्प्याटप्प्याने सुटल्या, त्यालाही आता वर्ष झाले.

या वेळी ‘सीबीटी-आय’ या नावाने ओळखली जाणारी, निद्रानाशासाठीच खास बेतलेली वर्तनोपचार पद्धत नीट, लेखी नोंदी ठेवून करावयाची आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हीच पद्धत वापरावी अशी शिफारस केली. हे मला सात वर्षे ठाऊक नव्हते, याचा राग आहे. तो येथे नोंदवून पुढे जाते.

सुरुवातीची स्थिती: सात प्रश्नांच्या, २८ गुणांच्या निद्रानाश तीव्रता प्रश्नावलीत मला २१ गुण मिळाले. २२ पासून ‘तीव्र’ सुरू होते.

१२ जानेवारी, शुक्रवार

पहिले काम म्हणजे दोन आठवडे झोपेची रोजनिशी ठेवणे: अंथरुणावर किती वाजता गेले, झोप लागायला अंदाजे किती वेळ लागला, मध्ये किती वेळ जागी होते, शेवटची जाग कधी आली आणि प्रत्यक्ष उठले कधी. पहिल्या चारही रात्रींच्या नोंदी वाया गेल्या, आणि दोष सर्वस्वी माझा आहे.

मी हिशेबाचे काम करते. ‘अंदाजे’ हा शब्द मला सोसवत नाही. म्हणून जाग आली की उशाजवळचा फोन उचलून वेळ पाहायची आणि लगेच लिहायची, असे सुरू केले. काल रात्री ३:१७ ला फोन पाहिला. खोलीभर निळसर उजेड, डोळे किलकिले, आणि त्या तीन आकड्यांमागोमाग वजाबाकी: उठायला साडेतीन तास उरले, त्यातला अर्धा तास झोप लागण्यात जाणार, म्हणजे तीन, काल चार झाले, म्हणजे दोन रात्रींचे मिळून सात. ही आकडेमोड संपेपर्यंत मी दिवसासारखी जागी झाले होते. नंतर ३:४० आणि ४:०५ अशा आणखी दोन नोंदी आहेत.

रोजनिशी सकाळी, उठल्यावर, आठवणीवरून भरायची असते, हे सूचनेत स्पष्ट लिहिलेले होते. फोन आजपासून दुसऱ्या खोलीत राहील. गजरासाठी जुन्या पद्धतीचे, अंधारात न चमकणारे साधे घड्याळ आणले आहे आणि तेही कपाटावर, तोंड भिंतीकडे करून ठेवले आहे.

१५ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांकडे जाऊन आले. ही पायरी मी गाळणार होते. गाळली नाही ते बरे झाले. त्यांनी बराच वेळ प्रश्न विचारले: झोपेत श्वास अडकतो का, घोरणे किती, संध्याकाळी पाय हलवत राहावे असे वाटते का, मनःस्थिती कशी आहे, कधी अनेक दिवस झोप न घेताही उत्साह उतू जात होता का, फेफरे किंवा झोपेत चालण्याचा इतिहास आहे का. शेवटच्या प्रश्नांमागचे कारण त्यांनीच सांगितले. या पद्धतीच्या सुरुवातीला झोप मुद्दाम कमी केली जाते. ज्यांना द्विध्रुवीय विकार (अतिउत्साह आणि नैराश्य यांचे आलटून-पालटून येणारे टप्पे) किंवा अपस्मार (फेफरे) आहे त्यांच्यात त्यामुळे झटका येऊ शकतो, आणि ज्यांचा श्वास झोपेत अडकतो त्यांचे मूळ दुखणे तसेच राहते. माझ्या बाबतीत यांपैकी काही नाही. लोह आणि थायरॉइड तपासले, दोन्ही ठीक आहेत.

एक अट त्यांनी घातली: मुख्य टप्प्याचे पहिले तीन-चार आठवडे गाडी चालवायची नाही. मी मान डोलावली, पण तेव्हा ती अतिसावधगिरी वाटली होती.

२२ जानेवारी, सोमवार

दोन आठवड्यांचा हिशेब केला. येथे मुख्य आकडा एकच असतो, झोपेची कार्यक्षमता: प्रत्यक्ष झोपेचा काळ भागिले अंथरुणावरचा काळ, शेकड्यात. रात्रीची झोप सरासरी ५ तास २० मिनिटे, म्हणजे ३२० मिनिटे भरली. कार्यक्षमता ८५ टक्के आली. ८५ आणि त्यापुढचा आकडा चांगला मानतात. म्हणजे अंथरुणावरचा वेळ कमी करण्याची गरज नाही असे मी धरले, आणि मग उरलेल्या गोष्टींकडे लक्ष द्यावे म्हणून आठवडाभर खोलीचे तापमान, पडदे आणि उशीची उंची यांत घालवणार आहे.

२९ जानेवारी, सोमवार

वरच्या नोंदीत ढोबळ चूक आहे. ती खोडत नाही, कारण हीच चूक आणखी कोणी करेल.

मी भागाकार करताना दिवा मालवल्यापासून (सरासरी ११:००) शेवटची जाग येईपर्यंतचा (५:१५) काळ धरला होता, म्हणजे ३७५ मिनिटे. पण मी अंथरुणावर जाते पावणेदहाला, कारण ‘आधी जरा पडलेले बरे’. आणि उठते पावणेसातला, कारण ‘निदान अंगाला तरी विश्रांती’. हा सगळा काळ मोजायचा असतो. तो ९ तासांचा आहे. ३२० भागिले ५४०, म्हणजे ५९ टक्के.

ही चूक सापडली ती आकड्यांवरून नाही. आठवडाभर उशा बदलूनही काही फरक पडला नाही आणि शुक्रवारी चिडून मी कागदावर एका रात्रीचे चित्र काढले: एक लांब पट्टी, तिच्यात झोपेचे तुकडे काळे. पट्टीत पांढरेच जास्त होते. दररोज पावणेचार तास मी अंथरुणावर जागी असते, आणि नऊ वर्षांत हे मी दुसऱ्या कुणालाही सांगितले असते तर त्याने आधी हेच विचारले असते की एवढा वेळ तेथे करतेस काय.

मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या मांडणीप्रमाणे निद्रानाशाचे मूळ स्वभावात असते, निमित्त एखाद्या घटनेचे होते, पण तो टिकून राहतो तो माणूस त्यावर करत असलेल्या उपायांमुळे. लवकर आडवे होणे, सकाळी लोळत पडणे, दुपारी भरपाई करणे. माझी तर यादीच तयार होती. मी तिला काळजी घेणे म्हणत होते.

एक आठवडा वाया गेला. आज रात्रीपासून मुक्रर वेळ: रात्री १२:३० ते सकाळी ६:००, साडेपाच तास. सरासरी झोपेइतकाच वेळ अंथरुणावर द्यायचा, पण पाच तासांच्या खाली जायचे नाही. दर सोमवारी हिशेब करायचा: कार्यक्षमता ९० च्या वर असेल तर १५ मिनिटे वाढवायची, ८५ ते ९० असेल तर तेवढीच ठेवायची आणि ८५ च्या खाली गेली तर, पहिला आठवडा सोडून, १५ मिनिटे कमी करायची.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

झोप येत नाही म्हणून नऊ वर्षे रडले आणि आता रात्री अकराला डोळे उघडे ठेवता येत नाहीत. साडेबारापर्यंतचा हा दीड तास कुणीही नीट सांगत नाही, म्हणून सांगते: बसून करायचे कोणतेही काम येथे चालत नाही. वाचायला बसले तर पुस्तक हातातून गळते. उभ्याने इस्त्री करणे, भांडी लावणे, कपाटाचे खण आवरणे एवढेच जमते. तीन दिवसांत घरातील प्रत्येक कापडाला इस्त्री झाली आहे.

आज दुपारी रस्ता ओलांडताना समोरून येणारी गाडी मला उशिरा दिसली. डॉक्टरांच्या अटीविषयी आता काही म्हणणे नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार

काल रविवारी ६ चा गजर बंद करून ८:४० पर्यंत झोपले. झोप गाढ लागली आणि उठल्यावर फार बरे वाटले, आणि रात्री अडीचपर्यंत जागी राहिले. जागे असताना मेंदूत ॲडिनोसिन नावाचे रसायन साचत जाते आणि त्याचा दाब झोप आणतो. सकाळी उशिरा उठले की रात्रीपर्यंत तो दाब पुरेसा साचत नाही, आणि शिवाय शरीराचे घड्याळ पुढे ढकलले जाते. हे मी वाचलेले होते. वाचलेले असणे आणि रविवारी सकाळी सहाला पाय जमिनीवर ठेवणे यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

पहिल्या आठवड्याची सरासरी झोप ४ तास ३५ मिनिटे. कार्यक्षमता ८३. एकूण झोप आधीपेक्षा कमी झाली आहे आणि मनातून मला हे सगळे सोडून द्यावेसे वाटते. उपाय म्हणून गजराचे घड्याळ आता स्वयंपाकघरात ठेवले आहे, म्हणजे ते बंद करायला चालत जावे लागेल, आणि तसेच पुढे दार उघडून बाहेर उजेडात दहा मिनिटे उभे राहायचे.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन गळत्या सापडल्या.

पहिली: संध्याकाळी आठच्या सुमारास खुर्चीत पेंग येते आणि मी ती मोजत नव्हते, कारण ‘ती काही झोप नव्हे’. नवऱ्याने परवा वेळ लावली, चाळीस मिनिटे. ही चाळीस मिनिटे रात्रीच्या खात्यातूनच वजा होतात. आता साडेसात ते नऊ या वेळेत मी बसत नाही.

दुसरी: साडेबारापर्यंत जागे राहता यावे म्हणून मी साडेसातला कॉफी घेत होते. कॅफिनचा अर्धा भाग शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे मी अंथरुणावर पाय ठेवत होते नेमक्या त्या वेळी अर्धी कॉफी अंगात शिल्लक असे. जागे राहण्यासाठी घ्यायची आणि मग झोप का लागत नाही म्हणून विचार करत बसायचे. दुपारी बारानंतर चहा-कॉफी बंद.

१४ फेब्रुवारी, बुधवार

सोमवारचा आकडा: ४ तास ५५ मिनिटे, ८९ टक्के. मुक्रर वेळ तीच.

आता खुर्चीविषयी. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेला नियम असा की झोप येत नसेल तर अंथरुणावर राहायचे नाही. पंधरा-वीस मिनिटे झाली असावीत असे वाटले की (घड्याळ न पाहता) उठून दुसरीकडे बसायचे आणि पेंग आली की परत यायचे. अंथरूण आणि जागरण यांची मनात पडलेली गाठ सुटावी हा हेतू. कागदावर हा नियम फार सोपा आहे.

पहिल्या रात्री दुसऱ्या खोलीत जाऊन मी कामाचे कागद लावत बसले आणि एक राहिलेली चूक सापडल्याने पहाटे चारपर्यंत बसले. दुसऱ्या रात्री कादंबरी घेतली, आणि ती चांगली निघाली. तिसऱ्या रात्री खुर्ची ओढताना तिचा पाय फरशीवर असा कर्कश घासला की नवरा जागा होऊन बाहेर आला आणि आम्ही दोघे अर्धा तास बोलत बसलो. चौथ्या रात्री थंडी वाजली म्हणून उठलेच नाही, अंथरुणातच पडून ‘उठायला हवे’ असा विचार करत राहिले, जो नियमातला सर्वांत निरुपयोगी प्रकार आहे.

सध्याची मांडणी, जी टिकली आहे: खुर्ची संध्याकाळीच जागेवर ठेवायची, तिच्या चारही पायांना खाली जाड लोकरी कापडाचे गोल तुकडे चिकटवलेले आहेत, पाठीवर शाल, दिवा मंद, पिवळसर आणि गुडघ्यांच्या उंचीवर, आणि वाचायला धुलाईयंत्राची माहितीपुस्तिका. तिच्यातील ‘पाणी निचरा न झाल्यास’ हे प्रकरण मी आता चार वेळा वाचले आहे. या प्रकल्पात झालेल्या सर्व खर्चांपैकी उपयोगी ठरलेले खर्च दोनच, साधे गजराचे घड्याळ आणि हे लोकरी तुकडे. दोन्ही गाद्यांचा खर्च आठवू नये.

१७ फेब्रुवारी, शनिवार

रोजनिशीत एक नवा रकाना सुरू केला. वाईट रात्रीनंतर सकाळी, आज काय बिघडणार असे वाटते ते एका वाक्यात लिहायचे, आणि संध्याकाळी त्यासमोर काय घडले ते. तीन आठवडे चालवून मग हिशेब करेन. आधी लिहून ठेवलेले असले पाहिजे, कारण संध्याकाळी माझी स्मरणशक्ती भीतीची बाजू घेते.

२६ फेब्रुवारी, सोमवार

१९ तारखेला ९१ टक्के आले, १५ मिनिटे वाढवली: १२:१५ ते ६:००. आज ९३ आले. सलग सहा रात्री अशा गेल्या की डोके टेकले आणि दहा-पंधरा मिनिटांत झोप लागली. मला एवढा आनंद झाला आहे की १५ ऐवजी ४५ मिनिटे वाढवत आहे, म्हणजे आजपासून ११:३०. नियम सावध लोकांसाठी असतात.

४ मार्च, सोमवार

७९ टक्के. झोप ५ तास ९ मिनिटे, आणि तीही तुकड्यातुकड्यांत. दुसऱ्याच रात्री अडीचची जुनी जाग, जणू ती दाराबाहेरच उभी होती, परत आली. कारण साधे आहे: शरीर सव्वापाच-साडेपाच तासांची सलग झोप शिकत होते, तिला साडेसहा तासांवर ताणले की ती मध्ये विरते. पुन्हा १२:१५ वर. दोन आठवडे मागे पडले, आणि नियम माझ्यासाठीही असतात.

याच आठवड्यात स्नायू क्रमाक्रमाने ताणून सैल सोडण्याचा व्यायाम रात्री अंथरुणावर करून पाहिला. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांची ही जुनी पद्धत चांगलीच आहे, पण मी ती हत्यारासारखी वापरली. पायाची बोटे, पोटऱ्या, मांड्या असे करत खांद्यांपर्यंत येईतो मी मनात विचारत होते, ‘आली का? अजून नाही?’ आता तोच व्यायाम दुपारी करते. तेव्हा झोपेची अपेक्षा नसते, आणि अंग खरोखरच सैल होते.

९ मार्च, शनिवार

रकान्याचा हिशेब. तीन आठवड्यांत १४ सकाळी भविष्य लिहिले. त्यांपैकी ९ वेळा ‘आज कामात मोठी चूक होईल’ असे होते, ३ वेळा ‘कुणावर तरी चिडेन’, २ वेळा ‘दुपारपर्यंतही टिकणार नाही’. घडले ते असे: चिडण्याचे भाकीत दोनदा खरे ठरले. दुपारपर्यंत टिकले, दोन्ही वेळा. कामातील चुका दोन झाल्या, दोन्ही किरकोळ, दुसऱ्या तपासणीत सापडल्या. या तीन आठवड्यांतील एकच खरोखर लाजिरवाणी चूक, एकाचा तक्ता दुसऱ्यालाच पाठवण्याची, मी सहा तास छान झोपून उठले त्या दिवशी झाली.

यावरून झोप महत्त्वाची नाही असे कुणी म्हणू नये. अपुऱ्या झोपेचा परिणाम होतोच. रस्त्यावरची ती गाडी मला आठवते. पण गेली नऊ वर्षे मी वाईट रात्रीनंतर बेत रद्द करत आले, भेटी टाळत आले, संध्याकाळी बाहेर जाणे सोडले, सर्व काही झोपेला जपण्यासाठी. हा रकाना दाखवतो की थकवा आणि अनर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी जपत होते ती दुसऱ्या गोष्टीच्या भीतीने.

याच सुमारास घरात एक करार झाला. नवरा रोज सकाळी पहिला प्रश्न विचारत असे, ‘झोप लागली का?’ प्रेमानेच विचारत असे. पण त्या प्रश्नाने दिवसाची सुरुवात निकालाने होई. मी त्याला सांगितले की हे विचारू नकोस. त्याला दोन दिवस सकाळी काय बोलावे ते सुचत नव्हते.

१६ मार्च, शनिवार

११ तारखेला ९० च्या थोडे वर, म्हणून वेळ १२:०० ते ६:००.

मनगटी घड्याळ आज कायमचे काढून ठेवले. सकाळी उठले तेव्हा मला खरोखरच ताजे वाटत होते. दार उघडून उजेडात उभी होते. मग घड्याळाने झोपेचे गुण दाखवले: ५४. पंधरा मिनिटांत डोके जड झाले, डोळे चुरचुरू लागले. अशी उपकरणे हालचाल आणि नाडीचे ठोके यांवरून अंदाज बांधतात. स्वस्थ पडून जागे असलेल्या माणसाला ती झोपलेला समजू शकतात, आणि उलटही होते. आकड्यांच्या मागे लागून झोप बिघडवून घेणारे लोक पाहून संशोधकांनी २०१७ मध्ये त्यासाठी ‘ऑर्थोसोम्निया’ असा शब्दच तयार केला. माझ्यासारख्या हिशेबनीस बाईच्या हाती ते उपकरण मुळात पडायलाच नको होते.

२५ मार्च, सोमवार

१८ तारखेला ९१, म्हणून ११:४५. आज ८९, तीच वेळ.

शनिवारच्या रात्रीची गोष्ट नीट लिहून ठेवते. सकाळच्या रोजनिशीत मी ‘२ ते ४ जागी’ असे लिहिले होते आणि माझी खात्री होती. नाश्त्याच्या वेळी नवरा सहज म्हणाला, रात्री वारा सुटला होता, मी उठून खिडकी लावली. मला काहीच आठवेना. ती खिडकी माझ्या बाजूची आहे; तिची कडी गंजलेली आहे आणि ती लावताना दोनदा आपटावी लागते. किती वाजता, असे विचारले, तर म्हणाला, पावणेतीन. तू हललीसुद्धा नाहीस.

मी त्याच्याशी वाद घातला. दहा मिनिटे मी स्वतःच्या जागरणाची बाजू मांडत होते, आणि मग मलाच ते ऐकू आले. साधारण नव्वद मिनिटांच्या आवर्तनांत झोप उथळ होते, क्षणभर जाग येते आणि पुन्हा डोळा लागतो. हे प्रत्येकाला होते, बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. माझ्या लक्षात जागे क्षण राहत होते आणि त्यांच्यामधली झोप गळून पडत होती, तुटक क्षणांची मी एक अखंड रात्र शिवत होते. याचा अर्थ नऊ वर्षांचा त्रास खोटा होता असा नाही. पण पहिल्या दोन आठवड्यांतल्या त्या ५ तास २० मिनिटांविषयी आता मला शंका आहे, आणि ती शंका सुखद आहे.

१२ एप्रिल, शुक्रवार

१ तारखेला ९२ आले होते, वेळ ११:३० ते ६:०० झाली होती. नंतर कामातील एका मोठ्या मुदतीचा आठवडा आला आणि सोमवारपासून तीन रात्री कोसळल्या.

कोसळण्याचे कारण मुदत नव्हे. मुदतीने फक्त पहिली रात्र घेतली. मंगळवारी मी ‘उद्या महत्त्वाचा दिवस आहे’ म्हणून साडेनऊला अंथरुणावर गेले. अडीच तास जागी. बुधवारी सकाळी उशिरा उठले. बुधवारी रात्री गोळ्यांची जुनी डबी कुठे आहे ते शोधले. रिकामी होती, हे नशीब. तीन महिने जे लिहिले ते सगळे तीन दिवसांत विसरले गेले, म्हणून ही नोंद खुणेसाठी ठळक करत आहे: वाईट रात्रीनंतर काहीही भरून काढायला जायचे नाही. तीच वेळ, तोच गजर.

काल ठरल्या वेळीच, साडेअकराला झोपायला गेले आणि एक उलटा प्रयोग केला. डोळे उघडे ठेवून, अंधारात छताकडे पाहत, जागे राहण्याचाच प्रयत्न करायचा. फोन नाही, हालचाल नाही, फक्त आणखी थोडा वेळ जागे राहायचे. व्हिक्टर फ्रँकल या मनोविकारतज्ज्ञांनी वर्णन केलेली ही युक्ती आहे. सुरुवातीला हसू आले. नंतरचे आठवत नाही.

२९ एप्रिल, सोमवार

वेळ ११:१५ ते ६:००. तीन आठवडे लागले ती तीन रात्रींची पडझड भरून यायला. यातला एक आठवडा मी उगाच रागात घालवला.

२० मे, सोमवार

सरासरी झोप ६ तास २ मिनिटे, अंथरुणावर ६ तास ४५ मिनिटे, कार्यक्षमता ८९. प्रश्नावलीत ९ गुण. आठच्या खाली गेले की त्रास नाही असे मानतात. तेथे मी पोहोचलेली नाही.

माझे ठरवलेले लक्ष्य आठ तासांचे होते. ते ८ जानेवारीच्या पानावर समासात लिहिलेले आहे, दोनदा अधोरेखित. ते गाठलेले नाही. प्रौढांना किमान सात तास झोप हवी असे तज्ज्ञ सांगतात, त्यामुळे मुक्रर वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत राहणार आहे, जोवर ती वाढ झोपेत जाते आणि जागरणात जात नाही. पण जानेवारीत ६ तास म्हणजे मला अपयश वाटले असते. आज दुपारी तीन वाजता डोके शाबूत असते की नाही एवढेच पाहते. बहुतेक दिवस असते.

रोजची रोजनिशी आजपासून बंद. महिन्यातून एक आठवडा ठेवेन.

२७ मे, सोमवार

आज सकाळी नवरा करार विसरला आणि सवयीने विचारून गेला, झोप लागली का? मग त्याने जीभ चावली. मला उत्तर देण्याआधी थोडे आठवावे लागले. मध्ये एकदा उठले होते खरे, पण किती वेळ ते सांगता आले नाही, आणि मी अंदाजे म्हणून सांगितले.

पहाटे साडेचारच्या सुमाराची जाग अजून आठवड्यातून दोनदा येते. तिच्यावर उपाय सापडलेला नाही. उठते, बसते, परत येते. खुर्ची जागेवरच आहे. डाव्या बाजूच्या मागच्या पायाचा लोकरी तुकडा निघाला आहे, तो उद्या चिकटवायचा आहे.